सैल वेटोळ्यांचे अमोनाइट आणि ऱ्हासाची जुनी कल्पना

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ता)

अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचात राहणारे आणि आता नामशेष झालेले समुद्री प्राणी, म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम शाळिग्रामातले चक्र येते. गंडकीच्या पात्रातल्या त्या काळ्या गोट्यांत कवचाचा प्रत्येक फेरा आतल्या फेऱ्याला घट्ट टेकलेला आणि काही अंशी त्याला आपल्या पोटात घेऊन वाढलेला दिसतो. वडोदऱ्यात भूशास्त्र शिकलेल्या माणसाला याच जातकुळीचे दुसरे रूप ठाऊक असते, ते कच्छमधल्या जुरासिक खडकांचे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचा कच्छशी जुना संबंध आहे, त्यामुळे मॅक्रोसेफॅलाइटिस आणि पेरिस्फिंक्टिस ही नावे इथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज असतात. ही सगळी घट्ट वेटोळ्यांची मंडळी आहेत.

हा धागा मात्र ज्यांचे फेरे एकमेकांना टेकतच नाहीत अशा अमोनाइटांविषयी आहे. त्यांना सामान्यतः विषमाकृती अमोनाइट म्हणतात. क्रायोसेराटाइटिसचे कवच एकाच प्रतलात फिरते, पण प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये मोकळी जागा राहते. घाईने पाडलेली चकली डोळ्यांपुढे आणावी म्हणजे आकार लक्षात येईल. एन्सायलोसेरासमध्ये आधी असे सैल वेटोळे, मग लांब सरळ दांडा आणि शेवटी आकड्यासारखे वळण असते. टुरिलाइटिस गोगलगाईच्या शंखाप्रमाणे चढत्या मळसूत्राने वाढतो, बॅक्युलाइटिस जवळजवळ सरळ असतो, आणि जपानमधील होक्काइडोचा निप्पोनाइटिस तर प्रथमदर्शनी निव्वळ गुंता वाटतो.

या प्राण्यांबद्दल एक समजूत अजूनही लेखांतून आणि भाषणांतून ऐकू येते. ती अशी की अमोनाइटांचा वंश म्हातारा झाला, त्याची आकार सांभाळण्याची शक्ती संपली, म्हणून वेटोळी सुटली आणि लवकरच सगळा वंश नामशेष झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ ओटो शिंडेवोल्फ यांनी हा विचार पद्धतशीरपणे मांडला होता. प्रत्येक मोठ्या गटाला उदय, स्थैर्य आणि विघटन अशा अवस्था असतात, आणि सुटलेली वेटोळी ही शेवटच्या अवस्थेची खूण होय, असे त्यांचे म्हणणे होते. शिंडेवोल्फ हे अमोनाइटांचे अत्यंत जाणकार अभ्यासक होते, त्यामुळे हा विचार दीर्घकाळ टिकला. उपलब्ध पुरावा मात्र त्याच्या विरुद्ध आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा पुरावा कच्छमध्येच असल्यामुळे हा विषय इथे मांडावासा वाटला.

सर्वांत आधी काळाचा हिशेब पाहावा. एन्सायलोसेरास ज्या उपगणात मोडतो त्याची सुरुवात जुरासिकच्या शेवटाकडे होते आणि तो त्यापुढच्या क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत टिकतो. हा अवधी सुमारे ८ कोटी वर्षांचा आहे. डायनोसॉर संपल्यापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला त्यापेक्षा तो जास्त आहे, आणि एवढ्या काळाला मरणपंथाला लागणे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. सैल वेटोळे अमोनाइटांच्या इतिहासाच्या शेवटी येते तसेच ते आरंभीही आहे. पूर्व डेव्होनियन काळात, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, सरळ कवचाच्या बॅक्ट्रिटिड प्राण्यांपासून पहिले अमोनॉइड (अमोनाइट ज्या व्यापक गटात मोडतात ते प्राणी) निर्माण झाले. त्यांतील अ‍ॅनेटोसेरास आणि अर्बेनोसेरास यांचे फेरे एकमेकांना टेकत नाहीत. पुढच्या काही दशलक्ष वर्षांत फेरे जवळ आले, मधली फट बुजली आणि मग घट्ट वेटोळे रूढ झाले. ज्या आकाराने वंशाची सुरुवात झाली तोच आकार वार्धक्याचे लक्षण कसा ठरणार?

---

दांडियाबाजार

लेख आवडला, पण एक शंका आहे. जुरासिकच्या आधीच्या ट्रायासिक कालखंडाच्या शेवटीही असे सुटलेले अमोनाइट होते आणि त्यानंतर मोठा विनाश झाला, असे वाचल्याचे आठवते. क्रिटेशसच्या शेवटीही तसेच घडले. दोनदा एकच क्रम दिसत असेल तर शिंडेवोल्फ यांचे निरीक्षण तरी बरोबर म्हणावे लागेल ना?

---

विश्वामित्रीकाठ

दांडियाबाजार, आपली शंका रास्त आहे, आणि शिंडेवोल्फ यांच्या मताला बळ मिळाले ते याच योगायोगामुळे. ट्रायासिकच्या अखेरच्या टप्प्यात कोरिस्टोसेरास आणि सरळ कवचाचा रॅब्डोसेरास हे होते, हे खरे आहे. पण मध्य जुरासिकमध्येही स्पायरोसेरास हा सैल वेटोळ्यांचा गट उदयाला आला, काही काळ राहिला आणि गेला. त्याच्यामागून अमोनाइटांचा सर्वनाश झाला नाही. उलट कच्छमधला जुरासिक अमोनाइटांचा सगळा वैभवकाळ त्यानंतरच सुरू होतो. म्हणजे वेटोळे सुटणे आणि वंश संपणे यांचा संबंध तीनपैकी दोनदाच जुळतो, आणि त्या दोन्ही वेळी घट्ट वेटोळ्यांचे भाऊबंदही बरोबरच संकटात सापडले होते.

आता कच्छचा पुरावा सांगतो. पश्चिम कच्छमध्ये घुनेरीच्या परिसरात उकरा नावाची टेकडी आहे. भूजच्या वालुकाश्मांचा बराचसा भाग नद्या आणि त्रिभुज प्रदेशांनी आणलेल्या गाळाचा आहे, पण उकऱ्याच्या हिरवट, ग्लॉकोनाइटयुक्त (समुद्रात तयार होणारे हिरवे खनिज असलेल्या) थरांत समुद्राची स्पष्ट खूण सापडते. हे थर अ‍ॅप्टियन काळातले, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. विल्हेल्म वागेन यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या अमोनाइटांवर लिहिताना इथून एक सैल वेटोळ्यांचा नमुना क्रायोसेरास म्हणून नोंदवला, आणि त्याची जात ऑस्ट्रेलियातून काही वर्षे आधी वर्णिलेलीच आहे असे ओळखले. नंतरच्या अभ्यासकांनी उकऱ्यातून ऑस्ट्रेलिसेरास आणि ट्रोपियम या सैल किंवा जेमतेम टेकणाऱ्या वेटोळ्यांच्या प्रजातींबरोबरच केलोनिसेरास ही जाड, फुगीर, घट्ट वेटोळ्यांची प्रजातीही नोंदवली आहे.

याचे महत्त्व असे की केलोनिसेरासचे पूर्वज सैल वेटोळ्यांचे होते. एकदा सुटलेले वेटोळे पुन्हा घट्ट झाले, आणि त्या नव्या घट्ट वंशाने जगभर बस्तान बसवले. योस्ट विडमन यांनी १९६९ साली हा मुद्दा सविस्तर मांडला, आणि माझ्या मते ऱ्हासाच्या कल्पनेचा पाया त्याच वेळी उखडला गेला. थकलेला, आकार सांभाळू न शकणारा वंश नव्या घट्ट वेटोळ्यांच्या कुळाला जन्म देऊ शकला नसता.

---

इंदूरकर

नमस्कार. केलोनिसेरास घट्ट आहे आणि त्याचे पूर्वज सैल होते, हे कशावरून ठरवतात? दोन प्राणी एकाच टेकडीत सापडले म्हणून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. शिवाय आमच्या बाजूला, धार जिल्ह्यात बाग येथे क्रिटेशसचे सागरी खडक आहेत. तिथे असे सैल अमोनाइट मिळतात का, हेही कळले तर बरे होईल.

---

विश्वामित्रीकाठ

इंदूरकर, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. एकत्र सापडणे हा नात्याचा पुरावा नव्हेच. उकऱ्याचे उदाहरण मी एवढ्यासाठी दिले की तिथे दोन्ही रूपे एकाच काळाच्या थरांत आहेत. नात्याचा पुरावा कवचाच्या आत असतो.

अमोनाइटचे कवच आडव्या पडद्यांनी कप्प्या-कप्प्यांत विभागलेले असते, आणि प्राणी फक्त शेवटच्या मोठ्या कप्प्यात राहतो. पडदा बाहेरच्या भिंतीला जिथे मिळतो तिथे नागमोडी शिवणरेषा तयार होते. प्रौढ अमोनाइटात ती इतकी गुंतागुंतीची होते की तिच्यावरून मूळ आराखडा ओळखणे अवघड जाते. पण कवचाच्या अगदी मध्यभागी, पिल्लाच्या पहिल्या पडद्यांपाशी, ती रेषा साधी असते आणि तिच्यातील खाचा मोजता येतात. जुरासिक आणि क्रिटेशसच्या सामान्य घट्ट अमोनाइटांत त्या आरंभीच्या रेषेत पाच मुख्य खाचा असतात. क्रिटेशसच्या सैल अमोनाइटांत त्या चारच असतात. केलोनिसेरास ज्या कुळात मोडतो त्या कुळातही, बाहेरून वेटोळे कितीही घट्ट दिसत असले तरी, आरंभी चारच खाचा आढळतात. त्यासाठी कवच मधोमध कापून किंवा फेरा-फेरा सोलत आतपर्यंत जावे लागते, आणि हे काम अतिशय चिकाटीचे असते. ज्यांनी ते केले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बागविषयी सांगायचे तर, व्रेडेनबर्ग यांनी १९०७ साली तिथल्या अमोनाइटांवर लिहिले आणि त्यांत प्लॅसेन्टिसेरास आणि नामाडोसेरास यांची नोंद केली. ही दोन्ही घट्ट वेटोळ्यांची आहेत; प्लॅसेन्टिसेरास तर चपट्या तबकडीसारखा असतो. भारतात सैल आणि विचित्र आकारांची खरी श्रीमंती पाहायची असेल तर तमिळनाडूकडे जावे लागते. तिरुचिरापल्लीच्या उत्तरेला उत्तातूर आणि अरियालूरच्या क्रिटेशस खडकांतले नमुने फर्डिनांड स्टोलिझ्का यांनी १८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी वर्णिले. टुरिलाइटिस, अनायसोसेरास, हॅमाइटिस, टायकोसेरास, बॅक्युलाइटिस अशी सगळी मंडळी त्यात आहेत. स्टोलिझ्का १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये वारले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते.

---

शंखशिंपले

माझा विषय प्राणिशास्त्र आहे, म्हणून जिवंत प्राण्याच्या बाजूने थोडी भर घालते. सैल वेटोळ्याचे कवच बाळगणारा एक शीर्षपाद (माकूळ, अमोनाइट यांच्या वर्गातला) प्राणी आजही समुद्रात आहे. त्याचे नाव स्पायरुला. त्याचे कवच साधारण अडीच सेंटीमीटरपर्यंतचे, पांढरे आणि कप्प्याकप्प्यांचे असते, आणि त्याचे फेरे एकमेकांना टेकत नाहीत. मृत्यूनंतर ही कवचे तरंगत येऊन उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांना लागतात, त्यामुळे ती पुष्कळांनी पाहिलेली असतात, पण प्राणी खोल पाण्यात राहत असल्यामुळे फार थोड्यांनी पाहिला आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफजवळ एका दूरनियंत्रित पाणबुडीने त्याचे नैसर्गिक वस्तीतील चित्रण प्रथमच केले, आणि त्यात तो डोके वर करून पोहताना दिसला. पकडून टाकीत ठेवलेल्या स्पायरुलांवरून पूर्वी याच्या उलट कल्पना केली जात होती.

दोन फरक मात्र लक्षात ठेवायला हवेत. स्पायरुलाचे कवच त्याच्या शरीराच्या आत असते, तर अमोनाइटचे बाहेर होते. शिवाय स्पायरुलाचे वेटोळे पोटाच्या बाजूला वळते आणि अमोनाइटचे पाठीच्या बाजूला. म्हणजे स्पायरुला हा सैल अमोनाइटांचा उरलेला वारस नव्हे. तो माकुळांच्या नात्यातला आहे. तरीही तरंगण्यासाठी सैल कप्पेदार कवच आजच्या समुद्रात उत्तम चालते, एवढे त्याच्यावरून निश्चित म्हणता येते.

---

दांडियाबाजार

शंखशिंपले ताई, ही माहिती फार मोलाची आहे. पण स्पायरुलाचे कवच शरीरात सुरक्षित असते. अमोनाइटला ते उघड्यावर वागवावे लागत होते. सुटलेल्या फेऱ्यांमुळे पाण्याचा अवरोध वाढणार, कवच ठिसूळ होणार आणि शत्रूला पकडायला सोपे जाणार. मग ही रचना टिकली कशी?

---

विश्वामित्रीकाठ

हे तोटे खरेच होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. घट्ट वेटोळ्यात आतल्या फेऱ्याची भिंत बाहेरच्या फेऱ्याला उपयोगी पडते. सैल वेटोळ्यात प्रत्येक फेऱ्याला सर्व बाजूंनी स्वतःची भिंत उभारावी लागते, म्हणजे कवचाचा खर्च वाढतो. वेगाने आडवे पोहण्यासाठीही हा आकार गैरसोयीचा आहे.

पण प्रत्येक प्राण्याला वेगाने आडवे पोहायचे असतेच असे नाही. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ ट्रूमन यांनी १९४१ साली वेगवेगळ्या अमोनाइटांच्या कवचांतील हवेचे कप्पे आणि शरीराचा कप्पा यांचे मोजमाप करून ते पाण्यात कोणत्या स्थितीत स्थिर राहतील याचे गणित मांडले. कवच ज्या बिंदूभोवती तरंगते तो बिंदू आणि ज्या बिंदूत वजन केंद्रित होते तो बिंदू यांत अंतर जितके जास्त, तितका प्राणी आपली स्थिती अधिक ठामपणे राखतो. सरळ बॅक्युलाइटिसमध्ये हे अंतर मोठे असते, त्यामुळे तो डोके खाली करून उभा तरंगत असावा. एन्सायलोसेरासच्या शेवटच्या आकड्यामुळे तोंड वरच्या दिशेला वळते, म्हणजे प्रौढपणी तो तळावर सरपटत नव्हता. पाण्यात तरंगत होता. अलीकडे डेव्हिड पीटरमन आणि कॅथलीन रिटरबुश यांनी त्रिमितीय मुद्रणाने अशा कवचांच्या प्रतिकृती बनवून त्या पाण्यात सोडल्या आहेत, आणि मळसूत्री आकार हळूहळू स्वतःभोवती फिरत वर-खाली जाऊ शकतो असे त्यातून दिसते. कमी श्रमात पाण्याचा स्तंभ वर-खाली विंचरणाऱ्या प्राण्याला हे सोयीचे आहे.

तो काय विंचरत होता, याचाही पुरावा आहे. २०११ साली इझाबेल क्रुटा आणि सहकाऱ्यांनी बॅक्युलाइटिसचे जबडे ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी तपासले, तेव्हा त्यांत नाजूक दातांची पट्टी आणि त्याबरोबर सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे आणि एका गोगलगाईच्या अळीचे अवशेष सापडले. निदान या अमोनाइटचे अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव होते. असे अन्न मिळवण्यासाठी वेग लागत नाही. सैल आकारांचा एवढा प्रसार क्रिटेशसच्या समुद्रांत झाला यामागे तरंगत्या अन्नाची विपुलता असावी, असे मला वाटते. हे माझे मत म्हणूनच घ्यावे.

---

प्राणिशास्त्र_फतेहगंज

काका, मी दुसऱ्या वर्षाला आहे. निप्पोनाइटिसबद्दल विचारायचे होते. इतका गुंता नियमाने कसा तयार होतो? तो एखादा आजारी नमुना असेल असे मला वाटले होते.

---

विश्वामित्रीकाठ

तुला जे वाटले ते पूर्वी अनेक अभ्यासकांनाही वाटले होते. याबे यांनी १९०४ साली निप्पोनाइटिसचे वर्णन केले तेव्हा तो विकृत नमुना असल्याचे मत पडले होते. पुढे तशाच घडणीचे अनेक नमुने मिळाले, आणि विकृती प्रत्येक वेळी तीच वळणे घेत नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. १९८० च्या दशकात ताकाशी ओकामोतो यांनी संगणकावर त्याची वाढ उभी केली. त्यांच्या प्रतिरूपात कवच आळीपाळीने डाव्या मळसूत्राने, उजव्या मळसूत्राने आणि सपाट वळणाने वाढते. तोंडाची दिशा ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ लागली की वाढीची पद्धत बदलते. म्हणजे तो सगळा गुंता तोंड योग्य दिशेला ठेवण्याच्या एका नियमातून निघतो, आणि तो नियम त्या प्राण्याने आयुष्यभर पाळलेला असतो. ऱ्हासाच्या कल्पनेविरुद्ध याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

---

इंदूरकर

उत्तरांबद्दल आभार. तरीही अखेरीस अमोनाइट नामशेष झाले आणि त्यांच्यासारखाच कवचात राहणारा नॉटिलस उरला. याचे कारण वेटोळ्यात नसेल तर कशात आहे?

---

शंखशिंपले

याचे उत्तर बहुधा पिल्लांच्या आकारात आहे. अमोनाइटचे पिल्लू अंड्यातून बाहेर येताना साधारण १ मिलिमीटरचे असे आणि ते पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीवांमध्ये वाढे. नॉटिलसचे पिल्लू जन्मतः २ ते ३ सेंटीमीटरचे असते, आणि ते मोठ्या, खाद्याने भरलेल्या अंड्यातून खोल पाण्यात येते. उल्कापातानंतर वरच्या थरातील तरंगत्या जीवांची साखळी कोसळली तेव्हा ज्यांची पिल्ले तिच्यावर अवलंबून होती ते सगळे अडचणीत आले. त्यात वेटोळे घट्ट की सैल याने काहीच फरक पडला नाही.

---

विश्वामित्रीकाठ

ताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. बॅक्युलाइटिस आणि स्कॅफाइटिसच्या कुळातील विषमाकृती अमोनाइट क्रिटेशसच्या अगदी शेवटच्या थरांपर्यंत आढळतात. डेन्मार्कमधील स्टेव्हन्स क्लिंट येथे तर क्रिटेशस जिथे संपतो त्या सीमेच्या किंचित वरच्या थरांतूनही त्यांची नोंद झाली आहे. ते तिथे खरोखर थोडा काळ जगले की जुन्या थरांतून वाहून आले, यावर अभ्यासकांत चर्चा चालते. पण सगळ्यांत शेवटपर्यंत टिकलेल्यांत विषमाकृती होतेच.

---

प्राणिशास्त्र_फतेहगंज

काका, एक व्यावहारिक प्रश्न. आमच्यापुढे प्रात्यक्षिकाला फक्त वाकलेला तुकडा येतो. तो घट्ट वेटोळ्यातून तुटला की सैल वेटोळ्यातून, हे कसे ओळखायचे?

---

विश्वामित्रीकाठ

तुकडा हातात घेतल्यावर बाहेरच्या बाजूकडे नंतर बघ. आधी आतली, म्हणजे वळणाच्या पोटातली बाजू पाहा. घट्ट वेटोळ्यात बाहेरचा फेरा आतल्या फेऱ्यावर बसलेला असतो, त्यामुळे त्या बाजूला लांबट खोलगट पन्हळ उमटलेली असते, आणि कवचावरचे कंगोरे तिच्या काठाशी येऊन थांबतात. सैल वेटोळ्यात आत टेकायला काहीच नसते, त्यामुळे छेद साधारण गोल किंवा अंडाकृती राहतो आणि कंगोरे, निदान बारीक रेषांच्या रूपात, त्या आतल्या बाजूवरूनही पलीकडे गेलेले दिसतात. तुकडा झिजलेला असेल तर प्रकाश तिरपा पाडून बघ. एक सावधगिरी बाळग: ट्रोपियमसारख्या प्रजातींत फेरे जेमतेम टेकतात, तेव्हा पन्हळ अगदी उथळ असते किंवा नसतेच. अशा वेळी तुकड्याच्या दोन्ही टोकांची जाडी आणि उंची मोज, वळणाची त्रिज्या काढ, आणि मग आतला फेरा त्या जागेत बसला असता का हे कागदावर काढून पाहा. विभागातल्या ज्या नमुन्यांवर उकऱ्याची चिठ्ठी असेल त्यांच्यापासून सुरुवात केलीस तर दोन्ही प्रकार शेजारी ठेवून ताडता येतील. मोजमापे झाली की इथेच टाक, आपण सगळे मिळून बघू.